विश्लेषण : अंगणात थेट मोठे सुगंधी झाड लावताय? खान्देशच्या उन्हात कोणते टिकते, कसे निवडावे?

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, शिरपूर अशा शहरांभोवती नव्या वसाहती वाढत आहेत. घर बांधून होते, रंग लागतो, फरशी बसते. अंगण मात्र उघडेच राहते. बोटभर रोप लावून चार-पाच वर्षे वाट पाहण्यापेक्षा नर्सरीतून पाच-सहा फुटांचे, फुलांनी लगडलेले तयार झाड आणावे, असा अनेकांचा कल असतो. त्यातही वर्षभर हिरवे राहणारे आणि घमघमणारे झुडूप हवे असते. अशा एका झाडासाठी शेकडो, कधी हजारो रुपये मोजले जातात. पण मे महिना सरता सरता त्यातली बरीच झाडे काटक्या होऊन उभी असतात. दोष झाडाचा की मातीचा? कोणते झाड निवडावे, कधी आणि कसे लावावे, याचा हा वेध.

मोठे झाड पहिल्याच उन्हाळ्यात का वाळते?

झाडाची उंची डोळ्यांना दिसते, मुळे दिसत नाहीत. व्यवहार उंचीवर होतो आणि झाडाचे जगणे-मरणे मुळांवर ठरते. सहा फुटांचे झुडूप प्लास्टिकच्या पिशवीत किंवा कुंडीत असते, तेव्हा त्याची सगळी मुळे बादलीभर मातीत कोंबलेली असतात. नर्सरीत त्याला दिवसातून एक-दोनदा पाणी मिळते, वर शेडनेटची सावली असते, आजूबाजूला इतर झाडांचा ओलावा असतो. त्यामुळे एवढ्याशा मुळांवरही ते तग धरते, फुलतेही.

तेच झाड अंगणात उन्हात आले की पानांतून उडणारे पाणी कित्येक पटींनी वाढते. मुळे मात्र तेवढीच असतात. ती बाहेरच्या मातीत पसरेपर्यंत झाडाचा जमा-खर्च जुळत नाही. जमिनीतून उपटून, मातीचा गोळा बांधून आणलेल्या झाडाची स्थिती आणखी बिकट असते, कारण उपटताना पाणी शोषणारी बारीक मुळे मोठ्या प्रमाणात तुटून मागेच राहतात. म्हणून झाड जितके मोठे, तितका त्याला रुळायला लागणारा काळ जास्त. हा काळ पावसाळ्यात गेला तर झाड वाचते, एप्रिल-मेमध्ये गेला तर वाळते. बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

खान्देशात हे अधिक अवघड का?

पहिले कारण हवा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली असते आणि गरम कोरडे वारे सुटतात. उलट धुळ्यात हिवाळ्याच्या काही रात्री पारा १० अंशांच्या बराच खाली उतरतो. कोकणात किंवा पुण्यात सहज वाढणाऱ्या झुडपाला एवढा फरक झेपेलच असे नाही. पाऊसही बेताचा. जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तर धुळे आणि शिंदखेडा परिसरात त्याहून कमी.

दुसरे कारण माती. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी भारी जमीन कापूस आणि केळीसाठी नावाजलेली आहे. पण ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, तेव्हा मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा कोवळी मुळे तुटतात. त्यात चुनखडी असते आणि सामू ८ च्या आसपास किंवा वर असणे नेहमीचे. अशा मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. अनेक घरी बागेला बोअरचे जड पाणी दिले जाते. त्यातले क्षार ही अडचण वाढवतात.

तिसरे कारण नवे प्लॉट. भरावासाठी मुरूम टाकलेला असतो आणि त्यात सिमेंट, विटा, प्लास्टर यांचा राडारोडा दबलेला असतो. वरून चार बोटे काळी माती पसरली की जमीन चांगली दिसते. कुदळ मारल्यावर खरे काय ते कळते.

सदाहरित आणि सुगंधी, असे पर्याय कोणते?

मराठी घरांच्या आवडीची सगळीच सुगंधी झाडे सदाहरित नाहीत. पारिजातक ऐन उन्हाळ्यात पाने गाळतो, त्यामुळे आडोशासाठी तो उपयोगाचा नाही. सोनचाफा आणि बकुळ सदाहरित आहेत, पण ते वृक्ष आहेत. छोट्या अंगणात भिंतीलगत लावले तर पुढे छाटत बसावे लागते.

झुडपांमध्ये कुंती, मोगरा, तगर, अनंत, रातराणी, करवंद आणि मेंदी ही नावे पुढे येतात. मोगरा खान्देशच्या उन्हात उत्तम फुलतो. तापलेल्या एप्रिल-मेमध्येच त्याचा बहर असतो. मात्र तो कमरेएवढाच राहतो आणि दर हिवाळ्यात छाटावा लागतो. तगर काटक आहे, हिरवीगार राहते, पण सुगंध मंद. करवंदाच्या पांढऱ्या फुलांचा वास जाई-जुईची आठवण करून देणारा असतो आणि झाड कमी पाण्यावर जगते. काटे असल्याने ते मागच्या कुंपणाला चांगले, लहान मुले खेळतात तिथे नको. मेंदीला आपण हाताच्या रंगासाठी ओळखतो. पण तिच्या बारीक फुलांचा वास दूरवर जातो आणि उष्णतेचा तिला त्रास नसतो. पाणी फारच तुटले तर मात्र ती पाने कमी करते.

रस्त्यांच्या दुभाजकांवर दिसणारी कण्हेर यापेक्षाही काटक आहे. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मूल असेल, दारात गाय-शेळी येत असेल तर ती टाळलेलीच बरी.

कुंतीला पसंती का मिळते?

पाच ते आठ फूट उंची, वर्षभर दाट गडद पाने, तीव्र पण गोड सुगंध आणि उन्हाला तोंड देण्याची ताकद, या चारही अटी एकत्र पूर्ण करणारे झुडूप म्हणजे कुंती. काही नर्सऱ्यांत ती ‘कामिनी’ या नावाने मिळते. शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. लिंबू आणि कढीपत्ता यांच्याच कुळातली असल्याने तिच्या फुलांचा वास संत्र्याच्या मोहोरासारखा येतो.

कुंती सतत फुलत नाही, तिला बहर येतात. चांगला पाऊस किंवा भरपूर पाणी मिळाल्यानंतर काही आठवड्यांनी सगळे झाड एकदम पांढरे होते. तीन-चार दिवसांत पाकळ्यांचा सडा पडतो. मग पुढच्या बहरापर्यंत नुसती पाने. फुलांनंतर लालसर छोटी फळे धरतात आणि बुलबुल ती आवडीने खातात. वास संध्याकाळनंतर वाढतो. अशी पांढरी फुले रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी असतात. अंधारात रंगाचा उपयोग नाही, वासाचा आहे.

छाटणी तिला मानवते. बहर संपल्यावर छाटले तर झाड दाट होते. बहराच्या आधी छाटले तर त्या खेपेची फुले हातची जातात. खरेदी करताना एक खात्री करावी. कुंपणासाठी आणि बोन्सायसाठी बारीक पानांची बुटकी कुंतीही विकली जाते. ती वर्षानुवर्षे गुडघा-कमरेएवढीच राहते. आडोसा हवा असेल तर मोठ्या पानांची, उंच वाढणारी कुंती मागून घ्यावी.

मग कुंती कोणी लावू नये?

ज्यांच्या दारात लिंबू आहे किंवा शेजारी मोसंबी-लिंबाची बाग आहे, त्यांनी. कुंतीच्या कोवळ्या फुटीवर सिट्रस सायला ही बारीक कीड आवडीने वाढते. हीच कीड लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग पसरवते. या रोगावर खात्रीचा इलाज नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात तो २००५ मध्ये आढळला आणि त्यानंतर तिथल्या संत्र्याच्या उत्पादनाला मोठा फटका बसला. तिथे कुंतीच्या रोपांच्या वाहतुकीवरही निर्बंध आले.

जळगाव जिल्ह्यात केळीबरोबर मोसंबी आणि लिंबाच्या बागाही आहेत. मळ्यातल्या घरापुढे शोभेसाठी कुंतीची रांग लावण्याआधी हा विचार करायला हवा. अशा ठिकाणी मोगरा, तगर किंवा करवंद हा सुरक्षित पर्याय आहे. शहरातल्या वसाहतीत, जवळपास लिंबूवर्गीय झाडे नसतील तर अडचण नाही. तरीही नव्या फुटीची पाने वळलेली, चिकट किंवा पांढऱ्या धाग्यांनी भरलेली दिसली तर ते शेंडे खुडून नष्ट करावेत.

अनंत इथे पिवळा का पडतो?

नर्सरीत सर्वांत जास्त मोह पाडणारे झाड अनंताचे. चकचकीत पाने, लोण्यासारखी पांढरी फुले. पण त्याला आम्ल माती आणि दमट हवा लागते. चुनखडीच्या काळ्या मातीत लावल्यावर काही महिन्यांत नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाच्या कमतरतेची खूण. अनेकजण खत कमी पडले असे समजून युरिया टाकतात, त्याने काहीच साधत नाही. शिवाय कोरड्या गरम वाऱ्यात कळ्या न उमलताच गळतात.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅमपेक्षा जास्त न घेता फवारले तर पाने काही दिवस हिरवी होतात. मातीतून द्यायचे तर जास्त सामूच्या जमिनीत ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह उपयोगी पडते. पण हा दरवर्षीचा खटाटोप आहे. अनंत हवाच असेल तर तो मोठ्या कुंडीत, कोकोपीट आणि पालापाचोळ्याच्या खतात, पूर्वेच्या ओट्यावर लावावा आणि शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. जमिनीत लावण्यासाठी तो खान्देशात शहाणपणाचा पर्याय नाही.

माती कशी आहे हे घरीही ढोबळपणे कळते. चिमूटभर कोरड्या मातीवर लिंबू पिळल्यावर फसफस झाली तर चुना भरपूर आहे. नेमका सामू, क्षार आणि चुनखडीचे प्रमाण हवे असेल तर जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना तपासून घेता येतो.

रातराणीला साप येतात का?

रातराणीच्या वासाने साप येतात, ही समजूत खान्देशातही घट्ट आहे. तिला आधार नाही. साप येतात ते उंदीर, बेडूक आणि गारव्यासाठी. कोणतेही दाट, पाणी दिलेले, खाली पालापाचोळा साचलेले झुडूप त्यांना लपायला चालते, मग ते रातराणीचे असो वा मेंदीचे. झुडपाच्या बुंध्याकडील फांद्या फूटभर उंचीपर्यंत काढून तळ मोकळा ठेवला आणि जवळ विटांचा ढीग ठेवला नाही तर ही भीती बरीच कमी होते.

रातराणी टाळण्याची खरी कारणे दुसरी आहेत. तिला पाणी जास्त लागते. तिचा वास बंद खोलीत इतका दाटतो की काहींचे डोके दुखते. आणि तिची फळे-पाने विषारी आहेत. लावायचीच तर शयनगृहाच्या खिडकीपासून दूर.

नर्सरीत झाड कसे पारखावे?

महाराष्ट्रातील नर्सऱ्यांत येणारी अनेक मोठी शोभेची झाडे बाहेरून येतात. पुणे परिसर आणि आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळचे कडियम ही त्याची मोठी केंद्रे. कडियम गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. तिथली हवा दमट, पाणी मुबलक. तिथे वाढलेले झाड ट्रकमधून उतरवून आठवड्याभरात धुळ्याच्या उन्हात उभे केले तर ते दचकणारच. म्हणून पहिला प्रश्न उंचीचा किंवा किमतीचा नको. ‘हे झाड तुमच्याकडे किती दिवस आहे?’ हा हवा. इथला एक उन्हाळा नर्सरीत काढलेले झाड, फूटभर बुटके असले तरी, नव्याने आलेल्या उंच झाडापेक्षा मोलाचे.

दुसरी परीक्षा मुळांची. नर्सरीवाल्याच्या परवानगीने झाड बुंध्याशी धरून हलके हलवावे. ते मातीत डुगडुगत असेल तर मोठ्या पिशवीत नुकतेच बदललेले आहे. पैसे मोठ्या पिशवीचे आणि मुळे लहान पिशवीची. याउलट पिशवीच्या तळातून जाड मुळे जमिनीत घुसलेली असतील तर उचलताना ती तुटणार. पिशवी थोडी सरकवून पाहिल्यावर मुळे दोरीच्या गुंडाळीसारखी गोल फिरलेली दिसली तर झाड फार काळ कोंडलेले आहे. पांढरट, ताजी, कडेपर्यंत पोहोचलेली पण गुंडाळी न झालेली मुळे सर्वांत चांगली.

तिसरी परीक्षा फांद्यांची. फुलांनी लगडलेले झाड घरी नेताना छान वाटते, पण त्याची ताकद फुलांत खर्च होत असते. कमी फुले, पण बुंध्यापासून तीन-चार मजबूत फांद्या आणि ताजे शेंडे असलेले झाड घ्यावे. पानांच्या मागे पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले दिसले तर ते झाड सोडून द्यावे. झाड गेले तर बदलून मिळेल का, हेही तिथेच विचारून बिलावर लिहून घ्यावे.

लावण्याची योग्य वेळ कोणती?

खान्देशात गृहप्रवेशासाठी आखाजीचा मुहूर्त अनेकांना हवा असतो. घराबरोबर बागही त्याच दिवशी सजावी, असे वाटणे साहजिक आहे. पण आखाजी येते एप्रिल-मेच्या कडाक्यात, आणि मोठे झाड लावायला वर्षातली ती सर्वांत वाईट वेळ. त्या दिवशी कुंडीतले झाड दारात ठेवून पूजा करावी आणि नंतर ते सावलीत हलवावे. जमिनीत लावण्याची घाई करू नये. काळी पिशवी उन्हात ठेवू नये. तिच्या आतली माती तापून कडेची मुळे शिजतात.

योग्य काळ म्हणजे मृगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यानंतर ते श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवापर्यंत. साधारण जूनअखेर ते ऑगस्टचा पूर्वार्ध. या काळात हवेत ओलावा असतो, ढग असतात आणि मुळांना उन्हाळ्याआधी आठ-नऊ महिने मिळतात. हे हुकले तर ऑक्टोबरचे ऊन ओसरल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावता येते, पण मग थंडीत मुळांची वाढ मंदावते. फेब्रुवारीनंतर मोठे झाड लावणे टाळावे.

जागा कशी ठरवावी?

खान्देशात सर्वांत त्रासदायक ऊन पश्चिमेचे. सिमेंटची पश्चिम भिंत दुपारभर तापते आणि संध्याकाळी उष्णता परत फेकते. त्या भिंतीला चिकटून लावलेले झाड दोन्हीकडून भाजते. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारी थोडी सावली, अशी घराच्या पूर्वेची किंवा ईशान्येची जागा नव्या झाडाला चांगली. कुंती पश्चिमेलाही टिकते, पण भिंतीपासून निदान चार फूट अंतर ठेवून.

सुगंध घरात यावा, हा हेतू असेल तर वाऱ्याची दिशा बघावी. पावसाळ्यात वारा प्रामुख्याने नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि कुंतीचे चांगले बहर याच काळात असतात. अंगणाच्या त्या बाजूला झाड असेल तर वास आपसूक ओट्यावर येतो. सेप्टिक टँक, पाण्याची टाकी आणि गच्चीचे पाणी पडते ती जागा टाळावी.

खड्डा किती आणि कसा?

‘खोल खड्डा, भरपूर खत’ हा सल्ला काळ्या मातीत महागात पडतो. घट्ट जमिनीत खोल खड्डा काढून तो भुसभुशीत लाल माती, वाळू आणि खताने भरला की पावसाळ्यात तो विहिरीसारखा भरतो. आजूबाजूची काळी माती पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि मुळे आत कुजतात. शिवाय मुळे त्या मऊ मातीतच फिरत राहतात, बाहेर पडत नाहीत.

त्यामुळे खड्डा रुंद असावा, खोल नव्हे. मुळांच्या गोळ्याच्या दोन ते तीन पट रुंद आणि गोळ्याच्या उंचीएवढाच खोल. आधी तो पाण्याने भरून पाहावा. २४ तासांनंतरही पाणी साचलेले असेल तर जमिनीच्या वर फूटभर उंच, पाच-सहा फूट रुंद मातीचा ओटा करून त्यावर झाड लावावे. राडारोडा निघाला तर तो पूर्ण काढून बाहेरची चांगली माती भरावी. एरवी खड्ड्यातून निघालेलीच माती परत वापरावी आणि तिच्यात चौथा हिस्सा पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेणखत हुमणी आणि वाळवीला आमंत्रण देते.

पिशवी खालपर्यंत कापून पूर्ण काढावी. गोणपाट, सुतळी, तार काहीही आत राहू देऊ नये. गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करावीत, न सुटणारी कापावीत. बाहेरून आलेल्या झाडाचा गोळा चिकट मातीचा असेल तर त्याच्या कडा खरवडाव्यात, नाहीतर पाणी बाजूने निघून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. बुंधा पूर्वी जितका उघडा होता तितकाच उघडा ठेवावा, किंबहुना दोन बोटे उंच, कारण माती नंतर बसते. बुंध्याला माती चढवली तर साल कुजते. लावताना रासायनिक खत नको. नवी फूट दिसेपर्यंत थांबावे.

पाणी किती, कसे?

अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हा प्रश्न केवळ बागेचा नाही. पाच-सहा फुटांच्या नव्या झुडपाला एका वेळी १५ ते २० लिटर पाणी पुरते. चार लिटर प्रति तासाचे चार ड्रिपर तासभर चालले की १६ लिटर होतात. जळगाव हे ठिबक सिंचनाच्या उद्योगाचे गाव. चार झाडांसाठीची छोटी जोडणी इथे कोणत्याही शेतीसाहित्याच्या दुकानात मिळते. एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिले काही आठवडे दोन ड्रिपर मुळांच्या गोळ्यावरच हवेत. नळी फक्त कडेला ठेवली तर बाहेरची माती ओली आणि गोळा कोरडा, असे होते.

लावल्यावर पहिला आठवडा, पाऊस नसेल तर, दिवसाआड पाणी. नंतर दोन-तीन दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा. पण वेळापत्रकापेक्षा बोटाची परीक्षा खरी. गोळ्याजवळ बोट खुपसून दोन पेरांवर ओल लागली तर पाणी देऊ नये. पाने मलूल दिसतात म्हणून रोज पाणी ओतण्याने काळ्या मातीत झाडे मरतात, कारण तहानलेले आणि गुदमरलेले झाड सारखेच दिसते. पावसाने उघडीप दिली की मात्र लक्ष ठेवावे. ऑगस्टमधला दहा-बारा दिवसांचा कोरडा खंड नव्या झाडाला भारी पडतो.

पहिला उन्हाळा कसा काढावा?

फेब्रुवारीअखेर बुंध्याभोवती तीन फूट व्यासाच्या जागेत चार इंच जाड आच्छादन घालावे. केळीची वाळलेली पाने, उसाचे पाचट, सोयाबीनचे भूस, जे मिळेल ते. यामुळे ओल टिकते आणि भेगा पडत नाहीत. बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी ठेवावी आणि वाळवीवर नजर असावी. पश्चिम आणि दक्षिण बाजूला बांबू रोवून ५० टक्के शेडनेट लावावे. वरून गुंडाळून टाकू नये, हवा खेळली पाहिजे. पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर. भर दुपारी पानांवर जड पाणी शिंपडले तर क्षारांचे डाग पडतात आणि कडा जळतात.

मे महिन्यात काही पाने गळाली तर घाबरू नये. फांदी नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. अशा वेळी खत घालू नये, छाटूही नये. जूनच्या पावसानंतर जिथे फूट येईल तिथवर वाळलेले काढावे. दुसऱ्या उन्हाळ्यात एवढी काळजी लागत नाही, तिसऱ्यात कुंती आठवड्याच्या एका पाण्यावरही हिरवी राहते.

मोठे घ्यावे की मध्यम?

आडोसा आजच हवा असेल, पावसाळ्यात लावण्याची तयारी असेल आणि पहिल्या उन्हाळ्यात रोज झाडाकडे बघायला घरात कोणी असेल, तर मोठे झाड घेण्यात चूक नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद राहणार असेल किंवा पाण्याची ओढ असेल, तर अडीच-तीन फुटांचे, दोन वर्षांचे झाड घ्यावे. ते लवकर रुळते, आणि मोठे झाड धक्क्यातून सावरत असताना हे वाढत राहते. तीन-चार वर्षांत दोघांच्या उंचीतला फरक बराचसा मिटतो. किमतीतला फरक मात्र आधीच खिशात राहिलेला असतो. त्या पैशांत ठिबकची नळी, शेडनेट आणि दोन पाट्या शेणखत येते. खान्देशात झाड जगवायला फुटाफुटाच्या उंचीपेक्षा याच तीन गोष्टी कामाला येतात.